श्री ठाणेदार आणि २८ टक्क्यांची खासदारकी

श्री ठाणेदार हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे ते त्यांच्या मराठी आत्मचरित्रामुळे, नाहीतर मग "बेळगावचा मुलगा खिशात २० डॉलर घेऊन अमेरिकेत गेला" टाइपच्या फॉरवर्ड मेसेजमुळे. २०२२ च्या नोव्हेंबरमधे ते अमेरिकेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जवर निवडून आले तेव्हा परत एकदा सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले, आणि फिरायलाच हवेत, आपल्या भाषेत विचार करणारा माणूस तिथे जाऊन बसतो ही काही रोजची गोष्ट नाही. पण त्या मेसेजमधे गोष्ट अशी जाते की गरिबी, मग अमेरिका, मग कंपनी, मग खासदार. कंपनी आणि खासदार यांच्यामधे जे काही घडलं ते कुणी सांगतच नाही, आणि खरं तर सगळी गंमत तिथेच आहे. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळातून वॉशिंग्टनला माणूस कसा जातो, ती वाट कशी असते आणि ती वाट न चालता पण कसं पोचता येतं हे समजून घ्यायचं असेल तर ठाणेदारांची केस फार कामाची आहे.

आधी पार्श्वभूमी भराभर उरकतो. जन्म १९५५ चा, चिकोडीचा. (तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, कर्नाटकात गेला १९५६ च्या नोव्हेंबरमधे, म्हणजे हा माणूस तांत्रिकदृष्ट्या मुंबई राज्यात जन्मलेला आहे, सीमाभागातल्या लोकांना हे मुद्दाम सांगितलं की बरं वाटतं.) वाढले बेळगावात. वडील लवकर निवृत्त झाले, घरात आठ माणसं, मग १४ व्या वर्षापासून मिळेल ते काम. केमिस्ट्रीत बीएस्सी, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी, आणि १९७९ मधे ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी करायला अमेरिकेत. १९८२ ला डॉक्टरेट, मग मिशिगन विद्यापीठात पोस्टडॉक, मग सेंट लुईसला पेट्रोलाइट नावाच्या कंपनीत नोकरी. १९८८ मधे अमेरिकन नागरिकत्व. १९९१ मधे ७५ हजार डॉलरचं कर्ज काढून केमीर नावाची छोटी लॅब विकत घेतली आणि ती वाढवली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना येते. यानंतरचं थोडं कमी येतं. त्यांनी औषध कंपन्यांसाठी चाचण्या करणाऱ्या बऱ्याच कंपन्या कर्ज काढून घेतल्या, २००८ ची मंदी आली, धंदा कोसळला आणि २०१० मधे बँकेने ताबा घेतला. त्यातली न्यू जर्सीतली एक लॅब प्राण्यांवर चाचण्या करणारी होती, ती अचानक बंद पडली तेव्हा आत शंभरावर बीगल कुत्री आणि माकडं राहिली होती आणि प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना त्यांची सोय लावावी लागली. ठाणेदारांचं म्हणणं असं की बँकेने ताबा घेतल्यावर आपल्या हातात काहीच उरलं नव्हतं. हे प्रकरण लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक निवडणुकीत ही कुत्री त्यांच्या मागे लागली आहेत.

मग ते मिशिगनला अ‍ॅन आर्बरमधे आले, अ‍ॅव्होमीन नावाची नवी लॅब शून्यातून काढली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, दिवाळखोरीच्या तोंडातून बाहेर येऊन, आणि २०१६ मधे तिचा मोठा हिस्सा विकला. त्या विक्रीवरून पण खरेदी करणाऱ्यांनी कोर्टात केस केली होती, ठाणेदारांनी आरोप नाकारले. ते असो. मुद्दा एवढाच की २०१७ मधे हा माणूस साठी ओलांडलेला, हातात भरपूर मोकळा पैसा असलेला आणि राजकारणात कुणालाही माहीत नसलेला असा होता. इथून आपली खरी केस सुरू होते.

नेहमीची वाट कशी असते

अमेरिकेच्या संसदेतले साधारण निम्मे लोक आधी कुठल्या ना कुठल्या राज्याच्या विधिमंडळात बसून आलेले असतात. प्रमिला जयपाल वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटमधे होत्या, सुहास सुब्रमण्यम व्हर्जिनियाच्या दोन्ही सभागृहांत बसून आले, ओबामा इलिनॉयच्या सिनेटमधून थेट अमेरिकेच्या सिनेटमधे गेले. याला कारण पण सोपं आहे. राज्यात काम करताना मतदार ओळखायला लागतात, कामगार युनियन, चर्च, स्थानिक मेयर अशा लोकांशी लागेबांधे होतात, देणगीदारांची यादी तयार होते आणि मग वरची जागा रिकामी झाली की ही सगळी शिदोरी घेऊन माणूस उडी मारतो.

मिशिगनमधे याला अजून एक धक्का होता, तो म्हणजे मुदतीची मर्यादा. १९९२ मधे तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ठरवलं की राज्याच्या हाऊसमधे जास्तीत जास्त ६ वर्षं आणि राज्याच्या सिनेटमधे ८ वर्षं, आयुष्यभरात. २०२२ च्या नोव्हेंबरमधे ती बदलून दोन्ही मिळून १२ वर्षं केली, पण तोपर्यंत तीस वर्षं ही सिस्टीम चालली. परिणाम असा की निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमदार पुढची खुर्ची कुठली याचा विचार करत असतो, आणि दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे जागा आपोआप रिकाम्या होत असतात. रिकामी जागा हा या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा माल आहे.

आणि अजून एक, जे आपल्याकडच्या वाचकाला पटकन डोक्यात बसत नाही. तिथे तिकीट वाटप नसतं. पक्षश्रेष्ठी, बी फॉर्म, दिल्लीवारी, बंडखोराला शांत करणं असलं काही नाही. ज्याला वाटेल तो ठरावीक मतदारांच्या सह्या गोळा करतो आणि पक्षाच्या प्राइमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीत) उभा राहतो, पक्षातले मोठे लोक फार फार तर पाठिंबा जाहीर करतात. प्राइमरी ऑगस्टमधे, मुख्य निवडणूक नोव्हेंबरमधे. डेट्रॉइटसारख्या शहरात डेमोक्रॅटिक प्राइमरी जिंकली की नोव्हेंबर म्हणजे निव्वळ उपचार. आणि मिशिगनच्या प्राइमरीत दुसरी फेरी नाही, ५० टक्क्यांची अट नाही. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो जिंकला, मग ती २८ टक्के का असेनात.

शिडीला वरून हात घातला

ठाणेदारांनी सुरुवात केली ती थेट गव्हर्नरपदापासून! २०१८ ची डेमोक्रॅटिक प्राइमरी, समोर ग्रेचन व्हिटमर, ज्या राज्याच्या हाऊस आणि सिनेटमधे मिळून चौदा-पंधरा वर्षं काढून आलेल्या, आणि डॉ. अब्दुल एल-सय्यद, डेट्रॉइटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख, डाव्या तरुण लोकांचे लाडके. ठाणेदारांनी स्वतःचे एक कोटी डॉलरच्या वर घातले. टीव्हीवर जाहिरातींचा मारा, त्यात स्वतःच्याच नावाच्या उच्चारावरून विनोद, आणि त्या जाहिराती लोकांना आवडल्या पण. व्हिटमर अजून टीव्हीवर आल्याच नव्हत्या आणि हे रोज संध्याकाळी लोकांच्या दिवाणखान्यात, त्यामुळे त्या वसंत ऋतूत काही सर्व्हेंमधे हे चक्क पहिल्या नंबरवर दिसायला लागले होते.

मग पत्रकार मागे लागले. कुत्र्यांचं प्रकरण बाहेर आलं. काही राजकीय सल्लागारांनी सांगितलं की हा माणूस आमच्याकडे आला तेव्हा डेमोक्रॅट म्हणून उभं राहायचं की रिपब्लिकन म्हणून हेच ठरलेलं नव्हतं. २००८ मधे रिपब्लिकन मॅकेनला दिलेली देणगी निघाली, २०१६ मधे रिपब्लिकन मार्को रुबियोच्या सभेतली हजेरी निघाली. ठाणेदारांनी हे सगळं झटकलं, रिपब्लिकन व्हायचा विचार कधीच नव्हता म्हणाले, आणि प्रचारात तर ते बर्नी सँडर्सच्या बाजूचे होते, सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा वगैरे. आता यातलं मनापासून किती आणि बाजार बघून किती हे मी ठरवू शकत नाही, पण त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून इथे नोंद.

निकाल: व्हिटमर ५२, एल-सय्यद ३०, ठाणेदार साडेसतरा-अठरा टक्के. तिसरा नंबर. एक कोटी डॉलर पाण्यात, असंच सगळ्यांनी लिहिलं.

पण निकालाच्या आत बघितलं तर डेट्रॉइट शहरात त्यांना राज्याच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त मतं पडली होती. का? एक तर तिथल्या घराघरात टीव्हीवर तोच चेहरा महिनोन् महिने दिसत होता, दुसरं म्हणजे "मी गरिबीतून आलोय" हे वाक्य डेट्रॉइटमधे वेगळं ऐकू येतं. २०१३ मधे दिवाळं निघालेलं शहर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६ लाख ३९ हजार, एकेकाळी १८ लाखांच्या वर होती, तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय. अशा शहरात कुणी श्रीमंत माणूस येऊन आधी स्वतःच्या उपासमारीची गोष्ट सांगतो तर लोक ऐकून घेतात. आणि मला वाटतं ठाणेदारांनी त्या पराभवातून एकच गोष्ट उचलली, की राज्यभर आपण तिसरे आहोत, पण या एका शहरात नाही.

मग त्यांनी काय केलं, तर अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटमधे घर केलं आणि २०२० मधे राज्याच्या हाऊसच्या तिसऱ्या मतदारसंघातून उभे राहिले. आधीच्या आमदाराची मुदत मर्यादेमुळे संपलेली, जागा रिकामी, प्राइमरीत उमेदवारांची गर्दी. स्वतःचे चार लाख डॉलरच्या वर खर्च केले. आता हे लक्षात घ्या की त्या आमदाराचा वर्षाचा पगार ७१,६८५ डॉलर आहे आणि अशा जागेसाठी साधारणपणे लोक याच्या छोट्याशा हिश्शात निवडणूक लढवतात. ३५ टक्के मतं पडली, जिंकले.

हे सगळं करताना लोक हसत होते. गव्हर्नरपदाची स्वप्नं बघणारा माणूस ११० जणांच्या सभागृहात, ते पण विरोधी बाकावर, कारण तेव्हा रिपब्लिकनांचं ५८ विरुद्ध ५२ असं बहुमत होतं. डेट्रॉइटपासून राज्याची राजधानी लॅन्सिंग दीडशे किलोमीटरच्या आसपास, तिकडे जायचं, बसायचं, आपलं बिल कमिटीत पडून राहतं ते बघायचं. पहिल्या टर्मच्या विरोधी आमदाराला तिथे काही करता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तर दोन वर्षांत त्यांनी कायदे किती केले हा प्रश्न मला तरी गौण वाटतो. लॅन्सिंगने त्यांना दिलं काय, तर पत्ता आणि पदवी. आता ते "अ‍ॅन आर्बरचा करोडपती" नव्हते, "डेट्रॉइटचे आमदार" होते. चार लाखात ही पाटी महाग पडली असं मला वाटत नाही, पुढचं बघितल्यावर तर नाहीच.

२०२२ : सगळ्या फटी एकदम उघडल्या

२०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची लोकसभेतली, म्हणजे तिथल्या हाऊसमधली, एक जागा कमी झाली, १४ च्या १३. नवे नकाशे यावेळी आमदारांनी काढले नाहीत, २०१८ मधे मतदारांनी मंजूर केलेल्या स्वतंत्र नागरिक आयोगाने काढले. डेट्रॉइट १२ आणि १३ या दोन मतदारसंघांत विभागलं गेलं. तेराव्यात शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क, दक्षिणेकडची टेलर-लिंकन पार्कसारखी कामगार उपनगरं, आणि त्याच मतदारसंघात ग्रोस पॉइंटसारखी तळ्याकाठची श्रीमंत वस्ती. जानेवारी २०२२ मधे खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि तोपर्यंत तेराव्याच्या खासदार असलेल्या रशीदा तलीब यांनी सांगितलं की मी बाराव्यातून लढणार. म्हणजे तेरावी जागा अख्खी मोकळी! अशी जागा त्या शहरात पिढीत एकदा मोकळी होते. तिथले जॉन कॉन्यर्स १९६५ ते २०१७ खासदार होते, बावन्न-त्रेपन्न वर्षं, यावरून अंदाज करा.

नऊ जण उभे राहिले. यात दोन नंबरचं नाव महत्त्वाचं आहे, अ‍ॅडम हॉलियर. डेट्रॉइटमधे जन्मलेला, राज्याच्या सिनेटमधे आमदार, सैन्याच्या राखीव दलात, वय पस्तिशीच्या आसपास. पुस्तकात जी वाट लिहिलेली असते ती तंतोतंत चाललेला माणूस. काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने शहरातल्या कृष्णवर्णीय नेत्यांनी एक गट करून मुद्दाम एकच उमेदवार निवडायचा प्रयत्न केला, कारण मतं फुटली तर काय होईल हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी हॉलियरला निवडलं. बाहेरून पैसा पण आला. इस्रायल समर्थक एआयपॅकशी संबंधित सुपर पॅकने (म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून हवा तेवढा खर्च करू शकणाऱ्या गटाने) चाळीस लाख डॉलरच्या वर हॉलियरसाठी खर्च केले, क्रिप्टोवाल्या सॅम बँकमन-फ्राइडच्या पैशावर चालणाऱ्या गटाने अजून टाकले. एआयपॅकवाल्यांचा ठाणेदारांवर राग का, तर २०२१ मधे लॅन्सिंगमधे असताना ते इस्रायलच्या विरोधातल्या एका ठरावाचे सह-प्रायोजक होते.

पण बाकीचे सात जण काही बसले नाहीत. तिकीट वाटप नसलं की हे असं होतं, समजूत घालायला कुणाच्या हातात काही नसतं. पोर्शिया रॉबर्सन उभ्या राहिल्या, माजी आमदार शेरी गे-डॅग्नोगो उभ्या राहिल्या, कॉन्यर्स यांचे चिरंजीव पण उभे राहिले. आणि ठाणेदारांनी ऐंशी लाख डॉलरच्या आसपास स्वतःच्या प्रचाराला कर्जाऊ घातले.

या कर्जाबद्दल थोडं थांबतो कारण इथे कायद्याची गंमत आहे. अमेरिकेत तुम्ही दुसऱ्या उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ठरावीक रकमेपेक्षा जास्त देऊ शकत नाही, २०२२ मधे ती २,९०० डॉलर होती. पण उमेदवाराने स्वतःचा किती पैसा घालावा याला सीमा नाही, कारण १९७६ मधे सुप्रीम कोर्टाने ठरवलं की स्वतःच्या प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्ती आणि त्याला मर्यादा घालता येणार नाही. हुशार उमेदवार हा पैसा देणगी म्हणून न देता कर्ज म्हणून देतात, म्हणजे पुढेमागे देणग्या आल्या तर आपले पैसे परत काढता येतात. आधी निवडणुकीनंतर आलेल्या देणग्यांमधून अडीच लाखांपर्यंतच कर्ज फेडता यायचं, ती मर्यादा सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मधे सिनेटर टेड क्रूझ यांच्या केसमधे काढून टाकली. म्हणजे ठाणेदारांची प्राइमरी चालू असतानाच हा निकाल आला. योगायोग, पण पैसेवाल्या उमेदवाराला सोयीचा योगायोग.

ऑगस्टमधे निकाल लागला. ठाणेदार २८ टक्के, साधारण २२ हजार मतं. हॉलियर २३-२४ टक्के, साडेअठरा हजारांच्या आसपास. रॉबर्सन १७. उरलेलं बाकी सहा जणांत वाटलं गेलं. नोव्हेंबरमधे रिपब्लिकन उमेदवाराविरुद्ध ७१ टक्के, आणि ३ जानेवारी २०२३ पासून कार्यकाळ सुरू.

आता याचा अर्थ काय लावायचा? शंभरातल्या ७२ जणांना दुसरं कुणीतरी हवं होतं हे खरं, पण ते ७२ एका माणसाच्या मागे नव्हते हे पण तेवढंच खरं. आणि ज्यांना वाटतं की हे ठाणेदारांनीच केलेलं काही विचित्र प्रकरण आहे त्यांनी २०१८ बघा. याच नंबरच्या जागेवर रशीदा तलीब, त्या पण माजी आमदारच, सहा जणांत ३१ टक्के मिळवून जिंकल्या, शहर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स एक टक्क्याने मागे. त्याच दिवशी, मधेच पायउतार झालेल्या कॉन्यर्स यांच्या मुदतीतल्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी वेगळी पोटनिवडणुकीची प्राइमरी होती, त्यात उमेदवार कमी होते, आणि तिथे जोन्स जिंकल्या! तोच दिवस, तेच मतदार, त्याच दोघी. उमेदवार किती आहेत त्यावर खासदार कोण हे ठरलं. तलीब पुढे भरघोस मतांनी निवडून येत राहिल्या, तेव्हा पहिल्यांदा कसं निवडून आलं यावरून पुढचं सगळं ठरत नाही हे पण मान्य.

डेट्रॉइटमधे मात्र ठाणेदारांच्या विजयाने एक जखम झाली ती आपल्याकडच्या अभिनंदनाच्या मेसेजमधे कुठेच नव्हती. १९५४ मधे चार्ल्स डिग्ज निवडून आले तेव्हापासून त्या शहरातून संसदेत सतत कुणी ना कुणी कृष्णवर्णीय खासदार होताच. जानेवारी २०२३ मधे जवळपास सत्तर वर्षांनी ती साखळी तुटली. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कृष्णवर्णीय बहुसंख्य शहरांपैकी एक, आणि तिथला आपला माणूस नाही, ही भावना आपल्याला समजायला हवी खरं तर, सीमाभागातल्या माणसाला तर जास्तच. ठाणेदारांचं उत्तर असं की मी गरिबी भोगली आहे, मला त्यांचं दुःख कळतं, आणि मतदारांनीच मला निवडलं. दोन्ही बाजू खोट्या नाहीत.

बसल्यावर काय केलं

इथे मी थोडक्यात आवरतो, कारण वॉशिंग्टनमधे पहिल्या टर्मला, ते पण अल्पमतातल्या पक्षात, फार काही वेगळं होत नाही, लॅन्सिंगचीच मोठी आवृत्ती. होमलँड सिक्युरिटी आणि स्मॉल बिझनेस या कमिट्या मिळाल्या. २०२३ मधे हिंदू, बौद्ध, शीख, जैन अशा सगळ्यांचा मिळून एक कॉकस, म्हणजे खासदारांचा गट, काढला. ऑक्टोबर २०२३ मधे, हमासच्या हल्ल्यानंतर न्यू यॉर्कमधे जी सभा झाली तिच्यावरून, डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका या डाव्या संघटनेचं सदस्यत्व जाहीरपणे सोडलं, आणि आता ते इस्रायलचे खंदे समर्थक. २०२१ चा ठराव आणि २०२३ चा हा राजीनामा शेजारी ठेवून बघा. काही लोक म्हणतात माणूस बदलला, काही म्हणतात मतदारसंघ मोठा झाला की हिशोब बदलतो. मला दुसरं जास्त पटतं.

आणि होर्डिंग! डेट्रॉइटमधे खासदार ठाणेदारांच्या चेहऱ्याची मोठमोठी होर्डिंग लागली, ऑफिसच्या सरकारी बजेटमधून. हे कायदेशीर आहे, मतदारांना सेवांची माहिती द्यायला खासदाराला पैसे मिळतात, निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस फक्त बंद ठेवायचं. त्यावर टीका खूप झाली, पण आपल्याकडे नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स बघून मोठं झालेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काय आहे मला कळत नाही. नाव ओळखीचं ठेवणं हेच त्यांचं २०१८ पासूनचं शस्त्र आहे, फरक एवढाच की आता बिल दुसऱ्याच्या नावावर.

२०२४ मधे हॉलियर परत उभे राहिले. आणि यावेळी जे झालं ते वाटेवरून सरळ चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरंच वाईट झालं. मिशिगनमधे काँग्रेसच्या उमेदवाराला मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. लोक पगारी माणसं लावून त्या गोळा करतात. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, तपासणीत बऱ्याच सह्या एकाच हाताने केल्यासारख्या निघाल्या, वैध सह्या हजाराच्या खाली गेल्या आणि हॉलियर मतपत्रिकेवरूनच बाहेर. म्हणाल हजार सह्या गोळा करता येत नाहीत? तर २०१४ मधे याच जागेवर जवळपास पन्नास वर्षं खासदार असलेल्या कॉन्यर्स यांचा अर्ज याच सह्यांवरून बाद ठरवला होता, त्यांना फेडरल कोर्टाने परत आणलं. २०२२ मधे गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार एकदम बाद झाले होते. मिशिगनमधे सह्या हे जुनंच दुखणं आहे, आणि ज्याच्याकडे वकील आणि तपासायला माणसं लावायला पैसा आहे त्याच्यासाठी विरोधकाच्या सह्या हे चांगलं हत्यार. शहर परिषदेच्या मेरी वॉटर्स मुख्य विरोधक म्हणून उरल्या, ठाणेदारांना ५४-५५ टक्के पडले. म्हणजे यावेळी निम्म्याहून जास्त, हे विसरून चालणार नाही, २८ चा माणूस दोन वर्षांत ५० च्या वर गेला.

२०२५ च्या एप्रिलच्या शेवटी त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. पक्षाच्या नेतृत्वाला हे नको होतं, कारण बहुमत नसताना ते पडणार हे उघड होतं. सह-प्रायोजक म्हणून नावं लागलेल्या काही ज्येष्ठ खासदारांनी आपली नावं काढून घेतली. मे महिन्यात ठाणेदारांनी सभागृहात मतदान भाग पाडायची सगळी तयारी केली आणि ऐन वेळी ते पुढे नेलं नाही. त्यांचे समर्थक म्हणतात निदान कुणीतरी बोललं, टीकाकार म्हणतात हे सगळं घरच्या प्राइमरीसाठी. दोन्ही एकदम खरं असू शकतं ना?

कारण घरची प्राइमरी तापायला लागलीच होती. २०२६ साठी त्याच एप्रिलमधे डोनावन मॅक्किनी यांनी उमेदवारी जाहीर केली. मॅक्किनी कोण, तर डेट्रॉइटमधे वाढलेले, जानेवारी २०२३ पासून राज्याच्या हाऊसमधले आमदार, म्हणजे ठाणेदार ज्या सभागृहातून उठले त्याच सभागृहात ते उठले त्याच महिन्यात जाऊन बसलेले. बर्नी सँडर्स त्यांच्या मागे, आणि रशीदा तलीब पण, एकाच पक्षाच्या शेजारच्या खासदाराविरुद्ध उघड पाठिंबा, हे सहसा कुणी करत नाही. हॉलियर पण तिसऱ्यांदा याच शर्यतीत उतरले होते, पण नंतर त्यांनी ती सोडून राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (म्हणजे राज्यातल्या निवडणुका सांभाळणाऱ्या) पदाकडे मोर्चा वळवला, म्हणजे ठाणेदारविरोधी मतं फुटायची एक मोठी वाट बंद झाली, आणि या बातमीचा हिशोब मॅक्किनींच्या ऑफिसइतकाच ठाणेदारांच्या ऑफिसमधे पण कुणीतरी त्याच संध्याकाळी मांडला असणार.